इंदूरला इस्त्री: एकाच अक्षरांतून अनेक इंग्रजी शब्द कसे काढायचे

इंदूरचं इंग्रजी स्पेलिंग घ्या, त्याची सहा अक्षरं उलटीपालटी करा, 'आयर्न्ड' तयार होतं. म्हणजे इस्त्री केलेलं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. हे मला पन्नाशीत कळलं, तोपर्यंत हजारो पाकिटांवर इंदूर लिहून झालं होतं आणि एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

ह्याला अॅनाग्राम म्हणतात. तीच अक्षरं, वेगळा क्रम, नवीन शब्द. माझा भाचा सुट्टीत आला की स्क्रॅबल, म्हणजे सुट्या अक्षरांचे तुकडे जुळवून इंग्रजी शब्द लावायचा खेळ, काढायचा आणि मला दरवेळी धुवून काढायचा. माझं शिक्षण हिंदी मिडियमचं, घरात मराठी, इंग्रजी आलं ते नोकरीपुरतं, त्यामुळे मी समजून चालले होते की आपला शब्दसाठा कमी म्हणून आपण हरतो. नंतर लक्षात आलं की साठा तेवढा काही कमी नव्हता, शब्द माहितीच होते पण सुट्या अक्षरांत ते मला दिसत नव्हते. ते दिसायला कसं लागलं, कुठे कुठे आपटले, सगळं खाली लिहितेय. ज्याला आज सुरुवात करायचीय त्याच्यासाठी आहे हे, जे आधीच मुरलेले आहेत त्यांनी सरळ सहाव्या पायरीवर जावं.

आणि एक, अक्षरांची नावं मी मराठीतच लिहितेय, कारण दर दोन शब्दांनी मोबाईलचा कीबोर्ड बदलायचा मला भयंकर कंटाळा आहे. ए म्हणजे अॅपलचा, ई म्हणजे एलिफंटचा, आय म्हणजे इंकचा. हे तीन नीट डोक्यात ठेवा, ह्यांनीच पुढे घात होतो.

काय काय लागेल

एक शंभर पानी वही. एक छापील डिक्शनरी, घरातली जुनी चालेल. पेन्सिल. आणि अक्षरांचे तुकडे. स्क्रॅबलचा सेट घरी असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर विकत आणायच्या आधी घरीच करा, कारण अर्धे लोक आठवड्यात सोडून देतात आणि मग तो डबा माळ्यावर जातो.

तुकडे करायला लग्नपत्रिका सगळ्यात मस्त. जाड कागद असतो, आणि आपल्याकडे सीझन संपला की गठ्ठाच पडलेला असतो, टाकवतही नाही. गणपतीचं चित्र असलेला भाग बाजूला काढा, बाकीच्याचे चौकोन कापा. किती कुठली अक्षरं कापायची त्याचा हिशेब स्क्रॅबलवाल्यांनी आधीच करून ठेवलाय, एकूण १०० तुकडे. ई १२. ए आणि आय ९-९. ओ ८. एन, आर, टी ६-६. एल, एस, यू, डी ४-४. जी ३. बी, सी, एम, पी, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय २-२. के, जे, एक्स, क्यू, झेड एकेक. आणि २ कोरे, ते कुठलंही अक्षर म्हणून चालतात.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. अमेरिकेतल्या मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स नावाच्या एका आर्किटेक्टची नोकरी गेली, तेव्हा त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून खेळ बांधला. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर लोक प्रत्येक शब्दाला एस चिकटवून अनेकवचनं करत बसले असते. स्क्रॅबल हे नाव नंतर पडलं, १९४८ साली.

तुकड्यांवर अक्षर लिहिलं की खाली एक रेघ मारा. हे मी नाही केलं. मग एम उलटा पडला की डब्ल्यू, एन आडवा पडला की झेड, आणि एका संध्याकाळी माझ्याकडे तीन डब्ल्यू निघाले. रेघ मारा.

१. आधी काना सुटा करा

ही पायरी कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही कारण त्यांना तिची गरजच नाही. आपल्याला आहे.

आपण लहानपणापासून बाराखडी शिकलोय. का म्हणजे एक अक्षर. क आणि काना वेगळे आहेत असं आपल्याला वाटतच नाही, ते जन्मापासून चिकटलेले. इंग्रजीत तसं नाही, तिथे काना, मात्रा, वेलांटी सगळे सुटे मणी, कोणीही कोणाशेजारी बसतं. म्हणून आधी मराठीतच एक खेळ करून बघा. 'वार' घ्या. आता समजा काना हा वेगळा तुकडा आहे. तुमच्याकडे तीन तुकडे झाले: व, र आणि काना. ह्यातून काय काय होतं? वार. राव. रवा. तिन्ही खरे शब्द. तसंच 'काम' फोडा, मका मिळेल. 'डाव' फोडा, वडा मिळेल.

पाच-दहा मिनिटं हे करा, हसू नका. रवा आणि राव एकाच पिशवीतले आहेत हे एकदा डोळ्याला पटलं की इंग्रजी अक्षरं आपोआप मोकळी दिसायला लागतात. मला ह्याच्याआधी महिनाभर काही जमत नव्हतं, हे केलं आणि दुसऱ्या दिवशी 'टी' म्हणजे चहा ह्या शब्दात 'ईट' दिसला आणि 'एट' पण दिसला. टी-ई-ए, ई-ए-टी, ए-टी-ई. चहा, खा, खाल्लं. आपल्या घरातला अख्खा रविवार सकाळचा कार्यक्रम तीन अक्षरांत.

२. अक्षरं एबीसीडीच्या ओळीत लावा

सगळ्यात महत्त्वाची पायरी. बाकी काही नाही केलं तरी हे करा.

कुठलाही शब्द घ्या आणि त्याची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लिहा. इंदूर असं होईल: डी-ई-आय-एन-ओ-आर. आता आयर्न्ड घ्या आणि त्याचीही अक्षरं तशीच लावा: डी-ई-आय-एन-ओ-आर. जुळलं? म्हणजे दोन्ही एका घरचे. नाही जुळलं तर नाही, वाद संपला. खेळणारे लोक ह्याला अल्फाग्राम म्हणतात, आमच्या घरी आम्ही गोत्र म्हणतो. नावं वेगळी, गोत्र एक.

ही युक्ती फार जुनी आहे. शाळेत स्प्रिंगवाला हूकचा नियम शिकलो होतो ना, जितकं वजन तितका ताण, तो रॉबर्ट हूक. त्याने १६७६ साली आपला हा शोध छापला तो कोड्यात छापला, म्हणजे मूळ लॅटिन वाक्याची १४ अक्षरं एबीसीडीच्या ओळीत लावून: सी-ई-आय-आय-आय-एन-ओ-एस-एस-एस-टी-टी-यू-व्ही. बस एवढंच. कोणी शोध चोरू नये आणि उद्या कोणी म्हणालं की मला आधी सुचलं तर हा पुरावा हातात. मग दोन वर्षांनी, १६७८ मध्ये त्याने वाक्य उघड केलं, 'उट टेन्सिओ सिक विस', जसा ताण तसं बळ. म्हणजे भौतिकशास्त्राचा नियम आधी जगासमोर गोत्र म्हणून आला आणि नाव नंतर कळलं. हे मला दहावीला कोणी सांगितलं असतं तर मी फिजिक्समध्ये इतकी झोपले नसते.

३. आपल्या आसपासची गावं घ्या

इंग्रजी पुस्तकं सुरुवातीला लिसन आणि सायलेंट देतात. चांगलं उदाहरण आहे पण आपल्याला त्यातलं लिसनचं टी ऐकूच येत नाही त्यामुळे नवशिक्या माणसाचा गोंधळ होतो. मी सांगते, गावांपासून सुरू करा. गावाचं इंग्रजी स्पेलिंग आपल्या डोळ्यात पक्कं बसलेलं असतं, बसच्या पाट्या वाचून वाचून.

आणि आपल्या इंदूरच्या आजूबाजूला तर नुसती लूट आहे. उज्जैन रोडला लागलात की सांवेर येतं, एस-ए-एन-डब्ल्यू-ई-आर. त्यातून निघतो 'आन्सर'. उत्तर! मी हे शोधलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या बाजूला महू, एम-एच-ओ-डब्ल्यू. आता सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, २००३ पासून, पण जुनं इंग्रजांनी केलेलं ते विचित्र स्पेलिंग आपल्याला कामाचं. त्यातून 'हूम' होतो, डब्ल्यू-एच-ओ-एम, म्हणजे कोणाला. आणि महूचा जो फुलफॉर्म लोक व्हॉट्सअॅपवर फिरवतात, मिलिटरी हेडक्वार्टर वगैरे, तो मागून जोडलेला आहे, त्यावर विश्वास ठेवू नका.

धार, डी-एच-ए-आर, त्यातून 'हार्ड'. धारच्या पुढे मांडू, एम-ए-एन-डी-यू, त्यातून 'मॉन्ड', म्हणजे आपला मण, चाळीस शेराचा, इंग्रज लोक तो शब्द हिशेबाच्या वह्यांत लिहायचे आणि डिक्शनरीत अजून आहे. देवास, डी-ई-डब्ल्यू-ए-एस, त्यातून दोन निघतात, 'सॉड' म्हणजे करवतीने कापलं आणि 'वेड्स' म्हणजे पाण्यातून पाय ओढत चालतो. पावसाळ्यात एबी रोडने गेलात तर दुसरा शब्द पटेल. तसंच भोपाळकडे चालत राहा, सीहोर लागेल, एस-ई-एच-ओ-आर-ई, आणि त्यातून 'हीरोज'. सीहोरच्या लोकांना हे माहिती आहे का कोण जाणे, असतं तर वेशीवर बोर्ड लावला असता.

लांबची पण आहेत. बडोदा, जुन्या स्पेलिंगने बी-ए-आर-ओ-डी-ए, त्यातून 'अब्रॉड' होतं आणि 'अबोर्ड' पण होतं. माझ्या बडोद्याच्या मावसबहिणीची दोन्ही मुलं परदेशात, तिला हे सांगितलं तर म्हणाली अगं हे तर नावातच होतं म्हणजे. सुरतमधून 'सूत्र', आग्र्यामधून 'राग', गाण्यातला. आणि सतना, एस-ए-टी-एन-ए, त्यातून सांता पण निघतो आणि सैतान पण, एकाच गावातून.

करायचं काय: वहीचं पहिलं पान घ्या, तुम्हाला माहिती असलेली दहा गावं लिहा, प्रत्येकासमोर गोत्र लिहा, आणि मग तुकडे मांडून हलवत बसा. सगळ्यांतून शब्द निघणार नाही. बहुतेकांतून नाहीच निघणार. तरी लिहा, हाताला वळण लागतं.

४. मग स्वयंपाकघर

गावं झाली की आपले पदार्थ. इथे फायदा असा की ह्यातले बरेच शब्द आता इंग्रजी डिक्शनरीतच आहेत, त्यामुळे स्क्रॅबलमध्येही चालतात. गावांची नावं चालत नाहीत, विशेषनामं आहेत ती, हा सापळा लक्षात ठेवा, मी सांवेर लावायला गेले होते आणि भाच्याने शांतपणे उचलून परत दिलं.

चाय, सी-एच-ए-आय, ह्यातून 'चिया', ते हल्ली लोक पाण्यात भिजवून पितात ते बी. डोसा, डी-ओ-एस-ए, ह्यातून 'सोडा', आणि पीठ आंबलं नाही की आपण खरंच टाकतो. मसाला फिरवला की 'सलाम', ते डबल ए वालं, एस-ए-एल-ए-ए-एम. नान फिरवलं की 'अॅना', म्हणजे जुना आणा, आणि अजून फिरवलं की 'नाना', इंग्रजीत तो शब्द आजीसाठी वापरतात, आपल्याकडे काकांसाठी. रायता, आर-ए-आय-टी-ए, त्यातून 'टिआरा' म्हणजे राजकन्येच्या डोक्यावरचा छोटा मुकुट आणि 'एट्रिया' म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे. वाटीभर दह्यातून एवढं.

रोटी सगळ्यात श्रीमंत. आर-ओ-टी-आय. 'रायट' म्हणजे दंगल, 'ट्रिओ' म्हणजे तिघांचं टोळकं, आणि एक कमी माहितीचा शब्द 'टायरो', टी-आय-आर-ओ, त्याचा अर्थ नवशिका. म्हणजे तुम्ही, आत्ता. पोहे सोडून कसं चालेल, आपण इंदूरचे. पी-ओ-एच-ए असं एकवचनी स्पेलिंग घेतलं तर 'ओपा' निघतो, ओ-पी-ए-एच, समुद्रातला एक मोठा गोल मासा. पोह्यांवरचा जीरावण मसाला टाकून मी काही तो खाणार नाही, पण वहीत लिहिला.

पदार्थ संपले की घरातलं बाकी बघा. साडीतून 'एअर्स', सतारीतून 'स्टेअर', राणीतून 'रेन', राजामधून 'अजार' म्हणजे अर्धवट उघडं दार.

५. कान बंद ठेवा

आता सापळे. ह्यातला सगळ्यात मोठा मी स्वतः अंगावर घेतलाय म्हणून सविस्तर लिहिते.

कॉलनीत गणपतीत कार्यक्रम होता, त्यात मला पाच मिनिटं दिली होती, मी रुबाबात उभी राहिले आणि म्हणाले इंदूरमधून आयर्न्ड होतं आणि 'रीडन' पण होतं, म्हणजे पुन्हा केलेलं, बघा आपलं शहर कसं पुन्हा पुन्हा स्वच्छ करतात. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेली सातवीतली एक मुलगी म्हणाली काकू, त्यात ई दोन आहेत आणि आय कुठेय? मी तिथेच बोटांवर मोजलं. आर-ई-डी-ओ-एन-ई. खरंच दोन ई. आय नाहीच. स्वच्छतेवरचं वाक्य पण गेलं आणि टाळ्या पण.

झालं काय, तर कानाने घोटाळा केला. इंदूरची सुरुवात इ ने होते असं आपण ऐकतो. इंग्रजीत ज्या अक्षराचं नाव ई आहे ते बहुतेक वेळा ए असं वाजतं, ज्याचं नाव ए आहे ते अॅ किंवा आ असं वाजतं आणि जे इ असं वाजतं त्याचं नाव आय. तीन स्वर आणि तिघांचीही नावं दुसऱ्याच्या दारावर लावलेली. आपलं देवनागरीचं डोकं आवाजावर चालतं त्यामुळे पटकन मनातल्या मनात करायला गेलं की ए, ई, आय ह्यांची अदलाबदल होते. उपाय एकच, तोंडाने म्हणायचं नाही, तुकडे मांडायचे आणि गोत्र लिहून जुळवायचं.

दुसरा सापळा डबल अक्षरांचा. सीहोरमध्ये ई दोन आहेत तर हीरोजमध्येही दोनच हवेत, आणि अनेकवचन करताना इएस लागतो म्हणून ते बरोबर बसतं. एकच हीरो घेतला तर नाही बसणार. प्रत्येक शब्दाचे आधी एकूण तुकडे मोजा, मग स्वर मोजा.

तिसरा, आपल्या शब्दांची रोमन स्पेलिंगं. सांवेर कोणी व्ही ने लिहितं, कोणी डब्ल्यू ने. पोहा, पोहे, पोहें. स्वतःला हवं ते स्पेलिंग ओढून आणलं तर जगातला कुठलाही शब्द कुठल्याही शब्दातून निघेल. स्टेशनच्या पाटीवर किंवा डिक्शनरीत जे आहे तेच धरा.

चौथा, ब्रिटिश आणि अमेरिकन. सेंटर दोन्ही पद्धतींनी लिहा, शेवटी आरई किंवा ईआर, गोत्र तेच राहतं, आणि त्यातच 'रीसेंट' पण बसतो. पण कलर बघा, तिथे यू येतो आणि जातो, गोत्रच बदलतं. वहीत कुठलं एकच धरा, आपल्या शाळेतलं ब्रिटिश धरा.

पाचवा म्हणजे मोबाईलवरची उत्तर काढून देणारी अॅप. अक्षरं टाकली की एका सेकंदात तीस शब्द समोर. पहिले दोन महिने हात लावू नका. त्यातून काही शिकणं होत नाही, फक्त आपण किती मागे आहोत ते कळतं. नंतर तपासायला चालेल, तेही वहीत आधी आपलं लिहून.

६. शेपट्या बाजूला काढा

चार अक्षरं असली तर त्यांच्या मांडण्या होतात २४. हलवत बसलं तरी सगळ्या पाहून होतात. सहा वेगळ्या अक्षरांच्या होतात ७२०. सातच्या ५०४०. म्हणजे इंदूरपासून पुढे नुसतं हलवून काही होणार नाही, रात्र जाईल.

म्हणून ज्या शेपट्या इंग्रजीत नेहमी येतात त्या आधी बाजूला काढायच्या. शेवटी येणारे: आयएनजी, ईडी, ईआर. सुरुवातीला येणारे: आरई, यूएन. इंदूरमध्ये ईडी आहे का? आहे. काढा बाजूला. उरलं काय, आय-एन-ओ-आर. ह्याचं काय होतं? आयर्न. मागे ईडी जोडा, इस्त्री झाली. ७२० मांडण्यांवरून आपण एकदम २४ वर आलो.

अजून एक. ग्रॅनाइट, जी-आर-ए-एन-आय-टी-ई. त्यात आयएनजी लपलंय, काढा. उरलं आर-ए-टी-ई. त्यातून टी-ई-ए-आर करा, मागे आयएनजी लावा, 'टेअरिंग'. दगडातून फाडणं निघालं.

मग हे बघा, मला हे सगळ्यात आवडतं. ट्रँगल, म्हणजे त्रिकोण. आठ अक्षरं: ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी. आयएनजी काढा, उरतात ए-ई-एल-आर-टी. त्यातून 'ऑल्टर' होतं, 'अलर्ट' होतं, आणि रिलेटमधला शेवटचा ई गाळून रिलेटिंग होतं. म्हणजे ऑल्टरिंग, अलर्टिंग, रिलेटिंग तीन झाले. आणि चौथा शेपटीशिवायचा, जो मला कित्येक दिवस दिसला नाही: 'इंटिग्रल'. त्रिकोण आणि इंटिग्रल एकाच गोत्राचे, गणिताच्या मास्तरांनाच सांगण्यासारखं. पण मास्तरांना पुढचं सांगू नका, टीचरमधून 'चीटर' निघतो. हेक्टर पण निघतो, एच-ई-सी-टी-ए-आर-ई, तो सांगायला हरकत नाही.

शेपटी नसेल तर स्वर एका ओळीत आणि व्यंजनं त्यांच्याखाली असं मांडा. किंवा तुकडे गोल मांडा, बांगडीसारखे. सरळ रेषेत मांडले की डोळा पुन्हा पुन्हा तोच जुना शब्द वाचतो, गोलात सुरुवात कुठली तेच कळत नाही म्हणून नवीन दिसतो.

७. वहीत गोत्रं भरत चला

रोज दोन. जास्त नाही. वर गोत्र लिहायचं आणि त्याखाली सापडतील ते शब्द, शेजारी मराठी अर्थ.

चार अक्षरांत सुरुवातीला ओ-पी-एस-टी करा: पोस्ट, स्टॉप, स्पॉट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स. २४ मांडण्यांतल्या सहा खऱ्या निघाल्या, चारातली एक, इतकं उदार गोत्र फार कमी. ए-ई-एम-टी पण छान: टीम, मीट, मेट, टेम. पाचचं ए-ई-एल-एस-टी: लीस्ट, स्लेट, स्टेल, स्टील म्हणजे चोरणं, टेल्स. मग सहाचं, लिसनवालं, आता तुम्ही त्याला तयार आहात: लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सल, इन्लेट्स. आणि सहाचंच ए-ई-एल-पी-एस-टी, त्यात स्टेपल, प्लेट्स, पेटल्स, पेस्टल, प्लीट्स, पेलेस्ट. एका पानावर मावत नाही.

सातमध्ये एकच पाठ करा, ए-ई-आय-एन-आर-एस-टी. ही सात अक्षरं इंग्रजीत फार येतात आणि एकमेकांशी फार जुळतात: रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, आणि अजून काही अनोळखी. स्क्रॅबलमध्ये हातातली सातही अक्षरं एका डावात लावली की ५० गुण वरून मिळतात, त्यामुळे हे गोत्र ज्याला येतं तो सामना फिरवतो. भाच्यावर मी पहिल्यांदा जिंकले ती ह्याच गोत्रावर, नॅस्टिअर लावून, आणि तो म्हणाला आत्या हे तू पाठ केलेलं आहेस, चीटिंग आहे. पाठ केलेलंच होतं. त्याशिवाय कसं येणार.

अर्थ पाठ करायचा का ह्यावर दोन मतं आहेत. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स, त्याने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, फ्रेंच बोलता येत नसताना. फक्त शब्दांच्या याद्या डोक्यात भरून. मग २०२४ मध्ये तसंच स्पॅनिशची. त्याच्यासाठी ते शब्द म्हणजे नुसते तुकडे. मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही. मॉन्ड म्हणजे मण हे कळलं म्हणून तो शब्द माझ्या डोक्यात राहिला, आजोबांचं दुकान होतं, मणाचा हिशेब मी ऐकलाय. अर्थाशिवाय पाठ केलेले शब्द माझ्या डोक्यात पंधरा दिवसही टिकले नाहीत. तुमचं तुम्ही ठरवा.

८. दुसऱ्याबरोबर खेळा

एकट्याने कंटाळा येतो. आमच्याकडे असं चालतं: एकाने शब्द मनात धरायचा, त्याचं फक्त गोत्र कागदावर लिहून द्यायचं, हूकसारखं, आणि दुसऱ्याने उलगडायचं. घड्याळ लावायचं नाही, निदान घरातल्या मोठ्या माणसांसाठी तरी नाही. आमची आई पंच्याऐंशीची आहे, तिने ए-के-एच-आर अशा सुट्या इंग्रजी अक्षरांना कधी हात लावला नव्हता, ती मराठीतलं करते, काना सुटा काढून. परवा तिने 'कमल' वरून 'कलम' काढलं आणि म्हणाली ह्यात तर काना पण नाही लागला.

लहान मुलांना देताना तीन अक्षरांपासून द्या आणि त्यांच्या नावाचं गोत्र आधी लिहून द्या, त्यांना स्वतःचं नाव फोडायला फार आवडतं. नावातून काही वाईट शब्द निघतोय का ते आधी तुम्ही बघून घ्या. मी नाही बघितलं, आणि मग त्या मुलाला शाळेत महिनाभर त्याच नावाने चिडवलं.

सरावाला तीन देते, उत्तरं मुद्दाम देत नाही. डी-ए-एन-जी-ई-आर, ह्यातून फुलांची जागा निघते. के-आय-टी-सी-एच-ई-एन, ह्यातून आमटी जास्त वेळ उकळली की जे होतं ते. आणि सी-ओ-एन-व्ही-ई-आर-एस-ए-टी-आय-ओ-एन, बारा अक्षरं, ह्यात फक्त दोन अक्षरांनी जागा बदलायची आहे.

माझ्या वहीत उज्जैन, रतलाम, भोपाळ आणि ग्वाल्हेर ही चार पानं अजून कोरी आहेत. ग्वाल्हेरवाल्यांपैकी कोणाला काही सापडलं तर कळवा, फक्त पाठवायच्या आधी ई आणि आय मोजून घ्या.